घरी मारतं कोण?

दौंडच्या कोर्टाच्या आवारात मालन ओव्हाळ वकीलबाईंनी एका माणसाच्या तोंडावर हेल्मेट हाणलं, तेव्हा मी जवळच उभा होतो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. दोन मुली बाईंना भेटायला आल्या होत्या. दोघी एकाच कंपनीत कामाला, एकमेकींसोबत राहायचं म्हणून घर सोडून निघालेल्या. त्यांच्या पाठोपाठ धाकटीचे दोघे भाऊ गाडी घेऊन आले. थोरल्या भावानं तिला केसांना धरलं आणि गेटकडं ओढायला सुरुवात केली. ती टाचांनी जमीन धरू बघत होती. चपला निघून मागं पडल्या होत्या. आवारात वकील होते, पक्षकार होते, झेरॉक्सवाला होता, दोन पोलीसही होते.

"घरचं मॅटर हाय, कुणी मधी पडू नका," भाऊ ओरडला. तेवढं ऐकल्यावर सगळे जिथल्या तिथं थांबले.

ओव्हाळबाई नुकत्याच स्कूटीवरून उतरत होत्या. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पट्टा मुठीत धरला, झपाझप चालत गेल्या आणि ते हेल्मेट त्या भावाच्या तोंडावर घातलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. मुठीतले केस सुटले. दुसऱ्या भावानं धावत येऊन बाईंना जोरात ढकललं. त्या पायरीवर आपटल्या, कोपर सोलून निघालं. पण तोवर मुलगी त्यांच्या पाठीशी जाऊन बसली होती. बाईंनी बसल्या जागेवरूनच पोलिसांकडं बघितलं.

"आता तरी या," त्या म्हणाल्या. "आता घरचं मॅटर राहिलेलं नाही. आता मी मारलंय."

पोलीस आले. भावांना बाजूला घेतलं, बाईंवरही तक्रार झाली. वकिलांच्या संघटनेनं बैठक बोलावली आणि वकिलानं हात उचलणं शोभत नाही, असं त्यांना सुनावलं. बाईंनी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुन्हा तसंच झालं तर पुन्हा चुकेल, आणि पुन्हा येऊन माफी मागेन." बैठक चहावर संपली.

बाईंचं टेबल आणि माझं टेबल शेजारी शेजारी होतं. मी धुमाळ वकील, जमिनीचे दावे चालवणारा. बांध, वाटप, वहिवाट यांत माझं आयुष्य गेलं. बाई आठवड्यातले काही दिवस दौंडला असायच्या, काही दिवस शिरूरला. न्हावऱ्याच्या रस्त्यानं स्कूटीवरून ये-जा. वडील रेल्वेत गँगमन होते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या वाढल्या, पुण्याला वसतिगृहात राहून वकील झाल्या आणि परत आल्या. बुटक्या, खांद्यानं रुंद. काळ्या कोटाखाली पांढरी साडी आणि पायांत पळायचे बूट. नवीन आलेल्या एका न्यायाधीशांनी बुटांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "साहेब, माझ्या पक्षकारांना पळावं लागतं. त्यांच्या मागं मलाही." त्यांच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. पोटगीच्या एका केसमध्ये हरलेल्या नवऱ्यानं कोर्टाबाहेर त्यांच्या कानातलं ओढलं होतं. त्यानंतर त्यांनी कानात काही घातलं नाही.

बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत, हाताकडं बघायच्या. पहिल्या पहिल्यांदा मला ते विचित्र वाटायचं. मी हातवारे करत बोलणारा माणूस. एकदा मी फाईल घ्यायला झटकन हात पुढं केला आणि बाईंचं डोकं आपोआप बाजूला झालं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलताना हात टेबलावर ठेवायला लागलो.

मुली-मुलींची, मुलग्या-मुलग्यांची प्रकरणं त्यांच्याकडं आली ती काही त्यांनी मागून घेतली नव्हती. दोन बायका एकत्र राहतात, घरचे मारायला उठलेत, अशी पहिली केस आली तेव्हा आमच्यातल्या एकानं हसत हसत त्या दोघींना बाईंच्या टेबलाकडं पाठवलं. "तिकडं जा, त्या मारामारीच्या केसेस घेतात." बाईंनी दोघींना बसवलं, पाणी दिलं. एकीनं नाव सांगायला सुरुवात केली.

"नाव नंतर सांग," बाई म्हणाल्या. "आधी सांग, घरी मारतं कोण?"

त्या दोघी रडायलाच लागल्या. पुढं किती जोडपी त्या बाकावर येऊन बसली, प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच. बाप, भाऊ, मामा, कधी आई. उत्तर आलं की मग नाव, गाव, वय, कागदपत्रं.

कायद्यानं असं नातं आता गुन्हा राहिलेलं नाही, आणि लग्न म्हणूनही त्याला मान्यता नाही. या दोहोंच्या मधे जी माणसं उघड्यावर राहतात, त्यांचं काय करायचं, हे बाईंनी हळूहळू स्वतःच शोधून काढलं. घरचे आधी हरवल्याची तक्रार देतात, मग पळवून नेल्याची. पोलीस शोधून आणतात आणि सज्ञान मुलीलाही घरच्यांच्या हवाली करून मोकळे होतात. त्याच्या आधी बाई जोडप्याला ठाण्यात उभं करून जबाब द्यायला लावायच्या. गरज पडली तर हायकोर्टातून संरक्षण आणायच्या. प्रेमाबद्दल त्या एक अक्षर विचारायच्या नाहीत. विचारायच्या ते असं: "ही उद्या दवाखान्यात पडली, तर डॉक्टर तुला आत सोडील का? हिचं पोर शाळेत पडलं, तर मास्तर तुला फोन करील का?" मग मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेतलं नाव, शाळेतलं नाव, एकेक काम बसून करून घ्यायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्ही हेच काम का घेतलं? घरात कोणी होतं का तसं?"

त्यांनी चष्मा काढला. "धुमाळ, तुम्ही बांधाच्या केसेस घेता. तुमचा बांध कोणी कोरला होता का?"

"नाही."

"मग?" म्हणाल्या आणि चष्मा लावून पुन्हा वाचायला लागल्या.

त्यांच्या बोलण्यात 'स' आला की बारीक शीळ वाजायची. "सन्माननीय न्यायालयास" म्हणताना तर दोनदा वाजायची आणि कारकून खाली मान घालून हसायचे. ती शीळ खुटबावची. खुटबावकडच्या एका मळ्यात एका तरुणाला त्याच्या बापानं गोठ्यात साखळीनं बांधून ठेवलं होतं. तो दौंडच्या एका मुलासोबत पुण्यात राहत होता. आजी आजारी आहे म्हणून त्याला बोलावून घेतलं आणि बांधलं. त्याच्या जोडीदारानं बाईंना गाठलं. बाई एका हवालदाराला घेऊन सकाळीच मळ्यात गेल्या. त्या आग्रहानं म्हणाल्या म्हणून मीही गेलो. बापाचा आणि माझा जमिनीच्या कामातला परिचय होता.

मुलगा गव्हाणीशेजारी बसलेला होता. पाठीवर आसुडाचे वळ होते, काही फुटलेले, त्यांवर माश्या. एक डोळा सुजून बंद झाला होता. बाप म्हणाला, "धुमाळ साहेब, तुम्ही सांगा या बाईला. माझं पोरगं हाय. मी औषध करतोय त्याला."

बाई त्याच्या बाजूनं सरळ आत गेल्या आणि साखळीला हात घातला. बापानं खालचा दगड उचलला आणि फेकला. तो बाईंच्या तोंडावर बसला. आवाज असा आला की मला वाटलं जबडा गेला. बाई गुडघ्यावर बसल्या, ओंजळीत रक्त थुंकल्या, आणि त्या रक्तातून पुढचा दात काढून त्यांनी रुमालात बांधला.

"हवालदार," त्या म्हणाल्या. बोलताना रक्ताचे थेंब उडत होते. "हा मुद्देमाल. लिहून घ्या. आणि चावी मागा."

बापाच्या हातातला दुसरा दगड गळून पडला. चावी त्याच्या बायकोनं आणून दिली. ती पदरात तोंड खुपसून उभी होती. गाडीत बसल्यावर मुलगा बाईंना सारखा म्हणत होता, "ताई, माझ्यामुळं झालं." बाई तोंडाला रुमाल दाबून बसल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या हातानं त्याच्या गुडघ्यावर थापटलं आणि सांगितलं, "तुझ्यामुळं न्हाई. दगडामुळं झालं." दात त्यांनी पुढं बसवला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बसवला की पुन्हा कोणीतरी पाडणार." तो मुलगा आणि त्याचा जोडीदार आता पुण्याजवळ भाड्याच्या घरात राहतात. दोघांचा पंक्चरचा आणि टायरचा धंदा आहे, चांगला चालतो.

पण ओव्हाळबाई म्हटलं की मला आठवते ती सविताची केस.

सविता वरवंडची सून. नवरा हायवेवर ट्रकखाली गेला, तेव्हा मुलगी तनू दोन-अडीच वर्षांची होती. घरात सासू हौसाबाई आणि दीर संपत. संपत दारू पिऊन हात टाकायचा, म्हणून सविता मुलीला घेऊन शिरूरला आली आणि कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. तिथं तिला ज्योती भेटली. उंच, काळीसावळी, मशीन चालवणारी, थोडं बोलणारी मुलगी. दोघींनी शिरूरमध्ये खोली घेतली. तनू सविताला आई म्हणायची आणि ज्योतीला ज्योई. शाळेत सोडायला ज्योती जायची, वेणी घालायला सविता. बाईंनी त्यांची सगळी कागदपत्रं करून दिली होती. सविताला काही झालं तर तनूची पालक ज्योती, असं मृत्युपत्रही केलं होतं. तेव्हा सविता हसून म्हणाली होती, "ताई, मला काय होतंय?"

एका रविवारी दुपारी संपत आणि त्याचा एक मित्र जीप घेऊन खोलीवर आले. वरवंडमध्ये कोणीतरी संपतला चिडवलं होतं की तुझी भावजय दुसऱ्या बाईची बायको झालीय. संपतच्या हातात जीपची टॉमी होती, चाक खोलायचा लोखंडी दांडा. सवितानं दार उघडलं आणि पहिलाच घाव तिच्या डोक्यावर बसला. ती पडल्यावरही त्यानं पुन्हा मारलं. तनू खाटेखाली शिरली. ज्योती खाटेसमोर आडवी झाली, तर टॉमी तिच्या हातावर बसली आणि कोपराच्या खाली हाड मोडलं. मित्रानं तनूला पाय धरून खाटेखालून ओढून काढलं. ती ओरडत होती. चाळीतली माणसं दारं लावून घेत होती. ज्योती मोडका हात छातीशी धरून जीपच्या मागं रस्त्यापर्यंत पळाली. जीप गेली. मग तिला सविता आठवली आणि ती परत फिरली.

मी हे सगळं नंतर ज्योतीच्या जबाबात ऐकलं. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दवाखाना. बाईंनी फोन केला म्हणून मी पुण्याला गेलो, तर सविताला आत नेलेलं आणि काउंटरवरचा माणूस ज्योतीला विचारत होता, "पेशंटच्या कोण तुम्ही?" ज्योतीच्या परकरावर, हातांवर, पायांवर सविताचं रक्त वाळलं होतं. तिचा स्वतःचा हात दोन ठिकाणी वाकला होता आणि तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

"मी… तिच्यासोबत राहते," ज्योती म्हणाली.

"नातेवाईक कोणी हाय का? ऑपरेशनला सही लागंल."

बाईंनी मुखत्यारपत्र काउंटरवर ठेवलं. "ही सही करणार. तुम्हाला नाव पाहिजे नात्याला, तर तुम्हीच काहीतरी लिहा. पण पेन हिच्या हातात द्या, लवकर."

ज्योतीचा उजवाच हात मोडला होता. तिनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

सविता वाचली. पण डोक्याला मार लागल्यामुळं उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, शब्द बाहेर यायचे नाहीत. एकेका शब्दासाठी तिच्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. संपतला अटक झाली आणि काही आठवड्यांनी तो जामिनावर सुटून आला. झटापटीत ती पडली, असं तो सांगायचा. तनू वरवंडलाच राहिली. पोलीस म्हणाले, आई अशी, पोर सख्ख्या आजीकडं आहे, तिथं तिचं काय वाईट आहे? मग हौसाबाईंच्या नावानं कोर्टात अर्ज आला: नातीचा ताबा आजीला द्यावा, आईला बोलताही येत नाही, आणि तिच्याबरोबर राहणारी बाई मुलीची कोणीच लागत नाही.

त्या महिन्यांत बाई कमी बोलायच्या. कँटीनमध्ये कांदा मागवायच्या आणि मुठीनं फोडायच्या, टेबल हादरायचं. ज्योती रोज कंपनीतून येऊन सविताला बोलायला शिकवायची. पाणी. दार. तनू. सविताला 'तनू' सगळ्यात आधी आलं.

तारखेच्या दिवशी जिल्हा कोर्टात मी बाईंच्या शेजारी होतो. वकीलपत्रावर त्यांनी माझंही नाव घातलं होतं. दार बंद करून सुनावणी सुरू झाली. समोरच्या बाजूला हौसाबाई, डोक्यावरून पदर, आणि त्यांच्या मागं संपत. तनूला कोर्टातल्या एका बाईंनी आणलं. सवितानं तिला कित्येक महिन्यांनंतर पाहिलं. ती खुर्चीतून उठायला धडपडली. तनू पळत आली आणि तिच्या लुळ्या हाताला बिलगली. सविता तिच्या केसांवरून हात फिरवत होती, कानापाशी काहीतरी पुटपुटत होती. मग एकदम थांबली. पोरीचा चेहरा धरून तिनं डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला, पुन्हा काहीतरी पुटपुटली. तिचा श्वास जोरात चालायला लागला.

समोरचे वकील उभे राहिले. "साहेब, हीच परिस्थिती आहे. या बाईंना स्वतःचं नाव धड सांगता येत नाही. मुलीचं ऐकणार काय आणि सांभाळणार काय?"

न्यायाधीशांनी सविताला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

सवितानं तोंड उघडलं. शब्द येईना. ज्योती मागून पुढं झुकली, तशी बाईंनी तिला हातानं थांबवलं.

"साहेब, वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "पण तिचं ती सांगेल."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. सविताच्या कपाळावर घाम आला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली.

"का… कान," ती म्हणाली. "उज… वा. चांगला… व्हता."

कोणालाच कळलं नाही. बाईंना मात्र कळलं. त्या उठल्या, तनूच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तनू बाळा." पोरगी आईकडंच बघत राहिली. बाई डाव्या बाजूला गेल्या. "तनू बाळा." पोरीनं चटकन मान वळवली.

मग बाईंनी हौसाबाईंना साक्षीसाठी मागून घेतलं. म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली. बाईंचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता.

"मावशी, पोरीच्या कानाला काय झालं?"

"काय न्हाई. सर्दी झाली व्हती."

"मावशी, माझ्याकडं बघा. घरी मारतं कोण?"

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हातारीची नजर बाईंच्या फाटक्या कानावर गेली, मग तोंडातल्या खिंडीवर.

"संपत," ती म्हणाली. "पोरगी रातीला आईचं नाव घ्यायची. त्येला खपायचं न्हाई. येकदा कानाखाली मारली तर रक्त आलं. मी मधी पडले तर मला बी मारलं." तिनं दंडावरचा पदर बाजूला केला. तिथं जुने, नवे, पिवळे पडलेले आणि काळे डाग एकावर एक होते. "मला कागदावर अंगठा द्याया लावला. पोर आईची हाय, साहेब. मला न्हाई सांभाळता यायची त्या घरात."

संपत मागून उठला. "ये म्हातारे," एवढंच बोलला आणि बाकावरून उडी मारून पुढं आला. त्यानं आईच्या पदराला हात घातला आणि दुसरा हात उगारला. बाई मधे शिरल्या. तो हात त्यांच्या मानेवर बसला. शिपाई आणि पोलीस धावले, संपतला जमिनीवर पाडलं, तो तिथूनही लाथा झाडत होता. भर कोर्टात, न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत. तनूनं आईच्या कुशीत तोंड लपवलं होतं आणि ज्योती दोघींना मिठी मारून, पाठ संपतकडं करून उभी होती.

डॉक्टरांनी त्याच दुपारी तपासलं तेव्हा पोरीचा कानाचा पडदा फाटलेला निघाला. संध्याकाळी कोर्टानं अर्ज फेटाळला. मुलगी आईकडं राहील, असा हुकूम झाला. त्यात आणखी एक वाक्य होतं: सोबत राहणाऱ्या ज्योती यांनी मुलीचा व आईचा सांभाळ केला असून तो त्यांनी पुढेही करावा. बाईंनी ते वाक्य माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मानेवर संपतच्या बोटांचे वळ.

हौसाबाई त्या दिवशी वरवंडला परत गेल्या नाहीत. बाईंच्या शेजारी कोर्टाच्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी सवितानंच डाव्या हातानं त्यांच्या पदराचं टोक धरलं. म्हणाली, "चला." आता त्या शिरूरलाच असतात, नातीच्या वेण्या घालतात. ज्योतीला अजून नावानं हाक मारत नाहीत, "आगं ये" म्हणतात, पण जेवायला तिच्याआधी बसत नाहीत. संपतला पुढं शिक्षा झाली. ती ऐकायला बाई हजर होत्या, काठी टेकत.

काठी आली ती न्हावऱ्याच्या रस्त्यावर. उजेडात, रहदारीच्या वेळी एका पिकअपनं त्यांच्या स्कूटीला मागून उडवलं आणि न थांबता निघून गेला. कोणाचा होता, ते पोलिसांना कधी सापडलं नाही. मांडीचं हाड मोडलं, त्यात सळई घालावी लागली. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत जागा नव्हती. टायरवाले दोघे उशी उंच करत होते, ज्योती पेज भरवत होती, हेल्मेटच्या वेळची ती मुलगी पायाशी बसली होती. नर्सनं वैतागून विचारलं, "यातलं नातेवाईक कोण?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला लिहायला पाहिजे ते लिहा, पण कोणाला बाहेर काढू नका."

बऱ्या झाल्या, पुन्हा टेबलावर येऊन बसल्या. आणि त्याच पावसाळ्यात डेंग्यूनं गेल्या. इतकी माणसं त्यांच्या जिवावर उठली होती, आणि त्या एका तापात गेल्या. ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. कोणी मारलं, असंच मी आधी विचारलं. विहारात माणसं मावत नव्हती. वंदना झाली, तेव्हा पुढच्या रांगेत त्यांचे भाऊ-भाचे होते आणि मागं भिंतीला टेकून ही सगळी जोडपी. काही हात धरून उभी होती. गर्दीतल्या कोणी त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही.

त्यांना शेवटचं मी पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, चौफुल्याला. मी पुण्याहून परतत होतो, गाडी सिग्नलला थांबली होती. रस्त्याकडेच्या हॉटेलाबाहेर बाई बाकड्यावर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. समोर दोन मुली उभ्या होत्या, मी कधी न पाहिलेल्या, खांद्याला बॅगा. बाईंनी हॉटेलातल्या दणकट वाढप्याला बोलावलं आणि आपलं मनगट त्याच्या हातात दिलं. "घट्ट धर," असं काहीतरी म्हणाल्या असणार, कारण त्यानं दोन्ही हातांनी धरलं. मग त्यांनी मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूला वळवलं, एक हिसका दिला आणि हात सुटला. वाढपी हसायला लागला. एका मुलीनं दुसरीचं मनगट धरलं. तिला जमेना. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा करून दाखवलं. दुसऱ्या खेपेला तिला जमलं. ती इतकी दचकली की स्वतःचाच हात बघत उभी राहिली. बाई खिंड पडलेल्या तोंडानं जोरात हसल्या. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला आणि मला निघावं लागलं.